चोक काय म्हणतोय ते बघ की!

आक्कांच्या पोरानं भंगारातनं आठ ढोलाएवढे दिवे आणले, ही बातमी आमच्या गल्लीत दुधाच्या किटलीआधी पोचली. आमचं घर मधलं. उजव्या कुंपणापलीकडं आक्का आणि त्यांच्या पोराचं, आप्पाचं, ट्रॉली दुरुस्तीचं शेड. डाव्या कुंपणापलीकडं आण्णा. त्यांनी इचलकरंजीच्या सूतगिरणीत मेन्टेनन्सला हयात घातली आणि आता रिटायर झाल्यावर गल्लीतल्या प्रत्येक मीटरबोर्डावर त्यांची नजर असते. दोघांचं बोलणं आमच्या अंगणावरनं चालतं आणि चहा आमचा जातो. तक्रार नाही, अशी करमणूक पैसे देऊन मिळत नाही.

सदलग्यात दसरा जवळ आला की ट्रॉल्या दुरुस्त करणाऱ्यांना जेवायला फुरसत नसते. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटायच्या आधी सगळ्यांना आपली गाडी उभी करायची असते. कुणाच्या ट्रॉलीचा फाळका सडलेला, कुणाचा हूक झिजलेला, कुणाचा ॲक्सल वाकडा. काम रात्री दहा-अकरापर्यंत चालतं. आचार्य विद्यासागर महाराजांचं हे जन्मगाव, 1946 च्या शरद पौर्णिमेचा त्यांचा जन्म. पौर्णिमेच्या त्या एका रात्री आमच्याकडं उजेडाची ददात नसते. बाकीच्या रात्री मात्र पत्र्याखाली दोन ट्यूबलाईटवर लेथ चालवायचा म्हणजे अंदाजपंचे कारभार. म्हणून आप्पानं दिवे आणले.

आण्णा तांब्या घेऊन तुळशीला पाणी घालायला निघाले होते. तुळस तशीच राहिली.

“काय गा आप्पा, फ्लडलाईट आणलास व्हय? कबड्डीच्या मॅची भरवतोस काय?”

“न्हाई ओ आण्णा, शेडाला लावतो. मेटल हॅलाईड हायत, चारशे वॅटचं. कोल्हापूरकडच्या एका फौंड्रीनं एलईडी बसवलं, हे उतरवून वजनावर घातलं. किलोवर मिळालं बगा.”

“किलोवर मिळालं म्हंजे तू ॲल्युमिनियमचं आणि तांब्याचं पैसं दिलास. उजेडाचं अजून द्यायचं हायत. बल्ब हायत का त्यात?”

बल्ब तीनच होते. एकाची आतली नळी काळी पडलेली, एक फुटका, एक बरा दिसणारा. आप्पा म्हणाला, निपाणीला जातो, दुकानदाराला सांगतो चारशेचा हॅलाईड दे, आठ बल्ब आणतो, संध्याकाळी शेड दिवाळीगत. आण्णांनी तांब्या कट्ट्यावर ठेवला. ही त्यांची बैठक मारायची खूण.

“असं मागाय गेलास तर तो हाताला लागेल त्यो देणार. त्याची चूक न्हाई. तूच अर्धं बोलालास. बल्ब दुकानात निवडायचा नसतोय आप्पा. त्यो चोकनं आधीच निवडून ठेवलेला असतोय. चोक काय म्हणतोय ते बघ की आधी!”

मग सगळी वरात आक्कांच्या शेडात. मी कुंपणावरनंच पाहणार होतो, पण राहवतंय कुठलं. आण्णांनी पहिल्या फिटिंगचं मागचं झाकण काढायला लावलं. चार स्क्रू, तीन गंजलेले. आत काळा जड चोक, शेजारी डबीएवढा इग्निटर आणि पांढऱ्या डब्याचा कंडेन्सर. चोकवरची पट्टी आप्पानं थुंकी लावून पुसली. आकडे दिसले: 400 वॅट, 3.25 अँपिअर.

“हां. हे हॅलाईडचं. दुसरं खोल.”

दुसऱ्यातही 3.25. तिसऱ्यात मात्र 4.6.

“हे बघ. हे सोडियमचं.”

आप्पा चाट. बाहेरून आठही फिटिंग जुळ्या भावांसारखे, तीच टोपी, तेच मोठ्या आट्याचं ई-40 होल्डर. पण उघडून बघितल्यावर पाच निघाले हॅलाईडचे आणि तीन सोडियमचे. फौंड्रीच्या आवारातले आणि शेडातले दिवे टेम्पोत एकत्र आले असणार. भंगारवाल्याच्या तागडीला त्यात फरक दिसत नाही.

आण्णांनी मग सगळं उलगडून सांगितलं. साध्या बल्बला 230 व्होल्ट दिले की तो आपल्यापुरता करंट ओढतो. ह्या दिव्यात मात्र तार नसते, वायूतनं ठिणगी वाहत असते. ती एकदा पेटली की करंट कितीही ओढेल, स्वतःहून थांबायचं तिला माहीत नाही. तिला आवरायचं काम चोक करतो. म्हणून वॅट दोन्हीकडं चारशेच असले तरी करंट वेगळा. 400 च्या हॅलाईडच्या, म्हणजे जुन्या मर्क्युरी जातीच्या चोकला सव्वातीन अँपिअर, त्याच वॅटच्या सोडियमला साडेचारच्या वर. 250 मध्येही तसंच, तिकडं साधारण 2.15 आणि 3. सव्वातीन अँपिअरचा बल्ब साडेचारच्या चोकवर लावला तर तो पेटतो. झकास पेटतो. नेहमीपेक्षा जास्तच झगमगतो आणि लावणाऱ्याला वाटतं, काय माल मिळाला! पण आतली काच सोसवेल त्यापेक्षा जास्त तापत असते.

“मग सोडियमच्या चोकवर हॅलाईड चालतच न्हाई म्हणा की.”

“तसं न्हाई. काही हॅलाईड बल्ब मुद्दाम सोडियमच्या चोकवर चालायसाठीच केलेले असत्यात. खोक्यावर लिहिलेलं असतंय. वाचायचं. वॅट, अँपिअर आणि कुठला इग्निटर. ही तीन जुळली तर घ्यायचा, न्हाईतर दुकानदाराला राम राम करून भाईर पडायचं.”

इग्निटरची भानगडही अशीच. काही हॅलाईड बल्बांना पेटायला हजार व्होल्टच्या आतला झटका पुरतो, काहींना तीन-चार हजारांचा लागतो. कमी झटका मागणाऱ्या बल्बला मोठा इग्निटर लावून ठेवला तर बल्ब आणि होल्डर दोघांची परीक्षा. चिनी मातीच्या होल्डरवर किती किलोव्होल्ट सोसतो ते कोरलेलं असतं, तेही आण्णांनी बॅटरी मारून दाखवलं. दोन होल्डरांत काळे चट्टे होते, तिथं झटका बाहेर फुटलेला. ते दोन्ही होल्डर बाद.

एवढ्यात आठवण आली म्हणून आण्णा म्हणाले, “आणि कदी अलंगच्या जहाजतोडीतला अमेरिकन माल आला, त्यावर एम 59 असलं काय लिहिलेलं दिसलं, तर हात लावू नको. तिकडची वीज साठ हर्ट्झची. त्यांचा चोक आपल्या पन्नासवर तापून मरतोय.” आमच्या गल्लीत अलंगचा माल कधी येणार देवाला ठाऊक, पण आण्णांचं ज्ञान अर्ध्यावर थांबत नाही.

आक्का बाहेर आल्या. हातात सूप, कपाळावर आठी. “काय ओ आण्णा, ह्या पोराला कायतरी सांगा. हे आठ दिवे लावले की माझ्या घराचं बिल कोण भरणार?”

“आठ कुटं लावाय लागल्यात आक्का? शेड वीस बाय चाळीस फुटाचं. तिथं आठ म्हंजे लगीनघर.”

हिशेब कागदावर झाला, सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर. नवा 400 चा हॅलाईड बत्तीस हजार ल्युमेनच्या आसपास देतो. कोपऱ्यात, पत्र्यावर, धुळीत निम्मा वाया गेला म्हणून धरलं तरी चार दिव्यांत त्या शेडात आठशे लक्सच्या वर येतात. पुढं बल्ब जुना होऊन उजेड तिसऱ्या हिश्श्यानं उतरला तरी पाचशे उरतात. साध्या लेथच्या आणि जोडकामाच्या शेडाला तीनशे ते पाचशे लक्स पुरे. म्हणजे चार. तेवढेच.

आणि बिल? चारशेच्या दिव्यात चोकही चाळीसेक वॅट खातो, म्हणजे एक फिटिंग 440 चं. चार झाले पावणेदोन किलोवॅट. रोज पाच तास म्हणजे जवळजवळ नऊ युनिट. त्याच जागी दीडशे वॅटचे चार एलईडी लावले तर तीन युनिट. फरक सहा युनिटचा. हंगामाच्या चार महिन्यांत सातशे युनिट. तो आकडा आपापल्या बिलातल्या दरानं गुणून बघावा. आक्कांनी मनातल्या मनात गुणला आणि सूप जरा जोरात पाखडलं.

“मग एलईडीच घेतो की,” आप्पा पडेल आवाजात म्हणाला.

“घे की. पण हे फुकटागत आलंय तर हंगाम निघू दे. जवा चोक जाईल तवा एलईडी. आणि ते लावू नको, ते कणसासारखं एलईडी मिळतंय, ई-40 आट्याचं, सरळ ह्याच होल्डरात. दुकानदार म्हणतोय फिरव आणि लाव. लावलास तर इग्निटरचा पैला झटका बसला की गेलं. चोक, इग्निटर, कंडेन्सर सगळं तोडून 230 सरळ होल्डरला न्यायचं, मगच त्यो बल्ब.”

मला मधेच एक शंका आली, ती मी विचारली. आमच्या मुलाच्या शाळेच्या मैदानावर अशा दिव्यांची रांग आहे. एक हिरवट, एक गुलाबी, एक निळसर. सगळे एकाच कंपनीचे, एकाच दिवशी लावलेले, मग रंग निराळे का? आण्णा खूश झाले. ह्या दिव्यांचं मूळ त्यांना फार आवडतं.

पूर्वी नुसता पाऱ्याचा दिवा होता. त्याच्या उजेडात माणसाचं तोंड मढ्यासारखं दिसायचं, ओठ काळेनिळे. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये स्टाइनमेट्झ नावाचा एक कुबडा, अफाट डोक्याचा इंजिनिअर होता. त्यानं पाऱ्यात धातूंचे क्षार घालायची युक्ती काढली आणि 1912 मध्ये तिचं पेटंट मिळवलं. पण दिवा नीट जमेना. ते जमलं 1960 च्या सुमाराला त्याच कंपनीतल्या रायलिंगला, आणि 1964 च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात हे दिवे लोकांनी पाहिले. एका प्रकारात सोडियम, थॅलियम आणि इंडियम असे तीन क्षार असतात. सोडियम पिवळा, थॅलियम हिरवा, इंडियम निळा. तिघं मिळून पांढरा. वर्षं गेली की क्वार्ट्झच्या नळीतनं सोडियम हळूहळू निसटतो, पिवळा कमी पडतो आणि दिवा निळा-हिरवा दिसायला लागतो. म्हणून भंगारातला जुना बल्ब पेटला तरी त्याचा रंग बघायचा. बाकीच्यांपेक्षा निराळा दिसला तर त्याचं वय झालेलं आहे.

रंगावरनं आक्कांना मागल्या हंगामातली गोष्ट आठवली. पलीकडच्या गल्लीत (नाव कशाला घ्यायचं, सगळ्यांना माहीत आहे) एकानं रात्री सोडियमच्या पिवळ्या उजेडात ट्रॉलीच्या फाळक्याला लाल रंगाचा हात मारला. सकाळी मालक आला तर फाळका निम्मा लाल, निम्मा विटकरी. मालकानं रंगाचे पैसे कापले आणि वर, तुमच्या शेडात पुन्हा गाडी लावणार नाही म्हणाला. सोडियमखाली रंगाची ओळखच पटत नाही. शंभरपैकी वीस-पंचवीस मार्क मिळवणारा तो दिवा, हॅलाईड साठ-पासष्ट मिळवतो, आणि सिरॅमिक नळीचा असेल तर ऐंशीच्या वर. खोक्यावर 645 लिहिलं असेल तर पहिला सहा हा मार्कांचा, म्हणजे साठीतला, आणि 45 म्हणजे 4500 केल्व्हिन, ऊन कलल्यावरचा नव्हे तर भर दिवसाकडं झुकलेला पांढरा. 842 असेल तर रंगकामाला सोन्याहून पिवळं, पण किंमतही तशीच.

“मग त्या तीन सोडियमच्या फिटिंगांचं काय करू?”

“अंगणात लाव, ट्रॉल्या उभ्या असत्यात तिथं. तिथं कुणाला रंग बघायचाय? चोर दिसला म्हंजे झालं.”

पुढचा प्रश्न काचेचा निघाला. पाच हॅलाईड फिटिंगांपैकी दोघांच्या खालची काच गायब. आप्पाला वाटलं, बरं झालं, उजेड जास्त पडेल. आण्णा इथं मात्र गंभीर झाले, आवाजही बदलला. आतल्या नळीचं तापमान हजार अंशाच्या घरात जातं आणि दाब बाहेरच्या हवेच्या कितीतरी पट. म्हातारा बल्ब कधीकधी फुटतो, आणि फुटला की तापलेले क्वार्ट्झचे तुकडे खाली. खाली कोण, तर लेथवर वाकलेला माणूस. त्याहून वाईट म्हणजे बाहेरचा काचेचा फुगा नुसता तडकला आणि आतली नळी पेटतीच राहिली तर. त्या फुग्यानं अडवलेलं अतिनील सगळं खाली येतं. उजेड नेहमीसारखाच दिसतो आणि रात्री डोळ्यांत वाळू गेल्यागत होतं. वेल्डिंग करणाऱ्याला हे दुखणं सांगायला नको, आप्पानं कितीदा रात्री डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवल्यात. अमेरिकेत शाळांच्या व्यायामशाळांत पोरांना असं झाल्यावर तिथल्या सरकारनं बल्बांवर खूण सक्तीची केली. टी खूण असेल तर फुगा फुटल्यावर पंधरा मिनिटांच्या आत दिवा आपोआप विझतो. आर असेल तर विझत नाही.

तेव्हा काच नसेल तर उघड्या फिटिंगसाठी केलेला, आत संरक्षक नळी असलेलाच बल्ब घ्यायचा. तो महाग. त्यापेक्षा काच बसवावी. पण खिडकीची साधी काच नको, उष्णतेनं तडकते. टफन केलेली लागते, आणि ती आधी माप देऊन करून घ्यावी लागते, टफन झाल्यावर कापता येत नाही. आप्पानं लगेच माप घेतलं. पोरगं ऐकतं, एवढं खरं.

बल्ब कसा टांगणार तेही बघायचं. होल्डर वर आणि बल्ब खाली लोंबणार असेल तर बीयू लिहिलेला. तोच आडवा लावला तर आतली ठिणगी वर वाकून नळीची एकच बाजू भाजते. आडव्या फिटिंगला आडवा बल्ब. यू असेल तर कसाही. हे दोन मिनिटांचं काम, पण विसरतात सगळे.

आता आमच्याकडची खरी गोम. लाईट. दूधगंगेच्या अल्याड कर्नाटकाचं हेस्कॉम, पल्याड दत्तवाडात महाराष्ट्राचं महावितरण, कागदावर व्होल्ट दोन्हीकडं 230 च. पण हंगामात मोटारी, गुऱ्हाळं, वेल्डिंग सगळं एकदम चालू झालं की शेवटच्या खांबावर किती उरतात ते ज्याचं त्याला माहीत. हे दिवे त्या बाबतीत भलतेच नाजूक मनाचे. व्होल्टेज जरा बसलं की विझतात. आणि विझले की लाईट पापणी लवायच्या आत परत आली तरी हे पेटत नाहीत. आत दाब इतका असतो की इग्निटरचा झटका त्यातनं पार होत नाही. नळी थंड व्हायला दहा-पंधरा मिनिटं, मग पेटून पूर्ण उजेडाला आणखी तीन-चार. तोवर शेडात अंधार, लेथचं चक अजून फिरतंय आणि पोरांच्या हातात ग्राइंडर.

“म्हणून आप्पा, चार हॅलाईडच्या जोडीला एक साधा एलईडी बल्ब लेथवर आणि एक दारात. त्यो कायम चालू. ते पंधरा मिनिटं त्याच्यावर निघत्यात.”

ह्या दिव्यांच्या कंपन्या म्हणे सांगतात की रात्रंदिवस जळणारा दिवा आठवड्यातनं एकदा तरी पंधरा मिनिटं बंद करा, म्हातारा असेल तर तेवढ्यात कळतं. आप्पा म्हणाला, आपल्या गावात ते काम न सांगता होतंय. आण्णा पहिल्यांदाच हसले.

चोकला 220 आणि 240 अशा दोन गाठी असतात. मल्टिमीटर घेऊन संध्याकाळी, गर्दीच्या वेळी व्होल्ट बघायचे आणि जवळच्या गाठीवर तार लावायची. ह्या एका तारेनं निम्मी कटकट जाते. आणि ती तार बदलायच्या आधी मेन बंद करून कंडेन्सर रिकामा झालाय का बघायचं, बंद दिव्यातही तो चावतो.

लेथवाल्यांसाठी अजून एक. पन्नास हर्ट्झवर हा दिवा सेकंदाला शंभरदा मंद-तेज होतो. डोळ्याला कळत नाही, पण फिरतं चक एखाद्या वेगाला उभं असल्यागत दिसतं आणि माणूस हात घालतो. सगळे दिवे एका फेजवर असले तर हे जास्त. आप्पाकडं थ्री-फेज आहेच, तेव्हा शेजारशेजारचे दिवे निरनिराळ्या फेजवर. एकाची पापणी मिटते तेव्हा दुसऱ्याची उघडी असते. लेथवरचा एलईडी त्यात भर.

दुपारपर्यंत वाटणी झाली. हॅलाईडचे चार शेडात, पाचवा खोलून त्याचा चोक आणि इग्निटर कपाटात. कधी ना कधी लागणारच. सोडियमचे तीन अंगणात. तीन बल्बांतला बरा दिसणारा लावून बघितला, टाँग टेस्टरनं करंट मोजला, रंग पाहिला आणि तोही बाजूला ठेवला. चार दिवे एका रंगाचे हवेत, म्हणून चारही नवे. काळा आणि फुटका मात्र उकिरड्यावर किंवा दूधगंगेच्या काठाला टाकायचा नाही, आत पारा असतो. खोक्यात घालून मोडतोड घेणाऱ्या अधिकृत माणसाकडं. हे आक्कांनीच आप्पाला दोनदा बजावलं.

आता तुमच्या गल्लीत असा टेम्पो आला तर भाव ठरवायच्या आधी मागचे चार स्क्रू खोलायला लावा. चोकवरच्या पट्टीचा, इग्निटरचा आणि होल्डरवर कोरलेल्या आकड्याचा मोबाईलमध्ये फोटो काढा आणि तोच दुकानदारापुढं धरा, तोंडानं वॅट सांगू नका. चोक जळलेला असेल तर फिटिंग ॲल्युमिनियमच्या भावानं घ्या, त्यावर एक रुपया देऊ नका.